परदेशस्थ जोडीदाराची आर्थिक हमी : ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने जबाबदाऱ्या व लाभ

प्रस्तावना

इंदापूर तालुक्यातील वरकुटे असो किंवा बारामती-इंदापूर पट्ट्यातील अन्य कोणतेही गाव असो, तेथील शेतकऱ्याला 'जामीनदार' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विकास सोसायटीचे कर्ज, पतसंस्थेचे वाहनकर्ज, ट्रॅक्टरची उचल अशा प्रत्येक व्यवहारात कोणीतरी कोणासाठी तरी सही केलेली असते. पुढे कर्जदाराशी बोलणे बंद झाले, भावकीत वाद झाला, तरी वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारात येतेच. भांडण झाले म्हणून जामीन सुटत नाही, हे या भागातील जुन्या पिढीला अनुभवाने ठाऊक आहे.

याच परिसरातील मुलगी विवाह करून अमेरिकेत जाते, तेव्हा बहुतांश प्रकरणी याच स्वरूपाच्या कागदावर तिच्या पतीची सही होणे अपेक्षित असते, किंवा काही प्रकरणी ती मुळीच होत नाही. यांपैकी कोणती परिस्थिती आपल्या मुलीच्या वाट्याला येणार आहे याची कल्पना मात्र कुटुंबाला नसते. बैठकीत मुलाचा पगार विचारला जातो, घर स्वतःचे की भाड्याचे हे विचारले जाते, इकडची जमीन किती एकर व बागायत किती याची चौकशी होते. मुलाचा तेथील कायदेशीर दर्जा कोणता व मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तिच्या पुढील दहा वर्षांचे आर्थिक स्थान पगारापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून असते.

बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय व १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान या संस्था स्थापन झाल्या. त्यानंतरच्या काळात उच्च शिक्षण या भागातील सामान्य शेतकरी कुटुंबापर्यंत पोहोचले. संगणक व अभियांत्रिकी शिक्षण घेतलेली मुले पुण्यात, पुण्याहून परदेशात गेली आणि 'परदेशातले स्थळ' ही शहरी कुटुंबांपुरती मर्यादित बाब राहिली नाही. अशा विवाहात जोडीदाराला परदेशी नेताना स्पॉन्सरवर येणाऱ्या आर्थिक जबाबदाऱ्या व त्यातून मिळणारे लाभ यांचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाचा मुख्य भर अमेरिकेवर असून ब्रिटन, कॅनडा व आखाती देशांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

'लोकभार' ही कल्पना आणि १९९६ चा कायदा

स्थलांतरिताचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या १८८२ च्या स्थलांतर कायद्यात स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या, म्हणजेच लोकभार ठरण्याची शक्यता असणाऱ्या व्यक्तीला बंदरावरूनच परत पाठविण्याची तरतूद होती. या कायद्यानंतर वर्षभराने, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव त्यांच्यासोबत नव्हते. आनंदीबाईंच्या पाठीशी होता तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंचा पत्रांतून जुळलेला स्नेह. त्या स्नेहाला कागदावरच्या हमीची गरज पडली नाही. त्यानंतर मात्र दारे बंद होत गेली. १९१७ च्या कायद्याने भारतीयांचे स्थलांतर जवळजवळ थांबले, १९४६ मध्ये वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला आणि १९६५ च्या कायद्यानंतरच भारतीय कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने जाऊ लागली.

या संपूर्ण काळात नातेवाइकाच्या निर्वाहाची हमी देणारी प्रतिज्ञापत्रे घेतली जात असत. परंतु ती केवळ नैतिक बंधने आहेत, त्यांच्या आधारे वसुली करता येत नाही, अशी भूमिका अमेरिकी न्यायालयांनी घेतली होती. हे चित्र १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्याने बदलले. डिसेंबर १९९७ पासून 'ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट', म्हणजे आय-८६४ क्रमांकाचा फॉर्म, हा न्यायालयात अंमलात आणता येणारा करार ठरला. त्याच वर्षी झालेल्या कल्याणकारी योजनांविषयक दुसऱ्या कायद्याने नव्या स्थायी रहिवाशांपैकी बहुतेकांना पहिली पाच वर्षे उत्पन्नाधारित केंद्रीय मदतीपासून दूर ठेवले. एका बाजूने सरकारने हात आखडता घेतला आणि दुसऱ्या बाजूने तो भार स्पॉन्सरच्या सहीवर टाकला, असा या दोन्ही कायद्यांचा एकत्रित अर्थ आहे.

हमीचे स्वरूप

अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या पती अथवा पत्नीसाठी कौटुंबिक अर्ज करतो, तेव्हा स्थायी वास्तव्याच्या टप्प्यावर त्याला आय-८६४ भरून द्यावा लागतो. केंद्र सरकारने दरवर्षी जाहीर केलेल्या दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के इतके तरी आपले उत्पन्न आहे, असे त्याने दाखवावयाचे असते. लष्करी सेवेत असलेल्या व्यक्तीला जोडीदारासाठी १०० टक्के पुरतात. २०२५ साली दोन व्यक्तींच्या कुटुंबासाठी ही दारिद्र्य मर्यादा २१,१५० डॉलर होती. म्हणजे नवविवाहित जोडप्याच्या बाबतीत सुमारे २६,४३७ डॉलर वार्षिक उत्पन्न आवश्यक ठरले. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदाराला ही रक्कम अवघड नसते. मोटेल, किराणा दुकान वा पेट्रोल पंपावर काम करणाऱ्याला, किंवा शिक्षण पूर्ण करून नुकतीच नोकरी सुरू केलेल्याला ती अवघड जाऊ शकते.

कुटुंबातील व्यक्ती मोजण्याची पद्धत येथे लक्षात घेतली पाहिजे. ज्यांच्यासाठी यापूर्वी अशीच हमी दिली आहे व ती अद्याप संपलेली नाही, त्या सर्वांची गणना होते. मुलाने आधी आई-वडिलांना ग्रीन कार्डवर नेले असेल, तर पत्नीसाठी फॉर्म भरताना तो दोघांचा नव्हे, चौघांचा हिशेब असतो. उत्पन्न कमी पडल्यास घरातील दुसऱ्या व्यक्तीचे उत्पन्न जोडता येते, अथवा स्वतंत्र सहहमीदार उभा करता येतो. हा सहहमीदार बहुधा आधी स्थायिक झालेला चुलता, मेव्हणा किंवा गाववाला असतो. सोसायटीत जशी एकमेकांच्या कर्जावर सही होते, तशीच ही सही होते. आणि तितक्याच सहजतेने होते, हेच चिंतेचे कारण आहे. सहहमीदार मूळ स्पॉन्सरइतकाच बांधला जातो.

उत्पन्नातील तूट मालमत्तेतूनही भरून काढता येते. नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट, तर इतर बहुतेक प्रकरणी पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. म्हणजे ५,००० डॉलरची तूट असेल, तर नागरिकाला १५,००० डॉलरची व ग्रीन कार्डधारकाला २५,००० डॉलरची मालमत्ता लागते. 'गावाकडची जमीन दाखवू' हा सल्ला अशा वेळी हमखास दिला जातो. तो तितकासा उपयोगी नाही. मालमत्ता एका वर्षाच्या आत, फारसे नुकसान न होता, रोखीत बदलता आली पाहिजे आणि परदेशातील मालमत्ता असल्यास तिचे पैसे देशाबाहेर नेता आले पाहिजेत. सात-बारावर चार भावांची सामाईक नावे, इतर हक्कात सोसायटीचा बोजा, वाटप झालेले नाही आणि खरेदीदार शेतकरीच असला पाहिजे असे राज्याच्या कायद्याचे बंधन, अशा अवस्थेतील एकरभर बागायतीची किंमत गावात कितीही असो, कॉन्सुलेटच्या टेबलावर तिचे वजन फारच कमी भरते. त्यापेक्षा बँकेतील मुदतठेव साधी व परिणामकारक ठरते. विशेष म्हणजे ही ठेव स्थलांतर करणाऱ्या जोडीदाराच्या नावावर असली तरी ती हिशेबात धरता येते.

हमी केव्हा संपते

या कराराला ठरावीक वर्षांची मुदत नाही, ही त्यातील सर्वांत कमी समजलेली बाब होय. जोडीदार अमेरिकेचा नागरिक झाला, त्याच्या नावे कामाच्या ४० तिमाह्या म्हणजे साधारण दहा वर्षे जमा झाल्या, त्याने स्थायी दर्जा सोडून देश कायमचा सोडला, अथवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तर हमी संपते. देशाबाहेर काढण्याच्या कारवाईत जोडीदाराला नव्या हमीच्या आधारे पुन्हा स्थायी दर्जा मिळाला, तरीही जुनी हमी संपते. स्पॉन्सरच्या मृत्यूपूर्वीची थकबाकी असल्यास ती त्याच्या मालमत्तेतून देय राहते.

या यादीत घटस्फोट नाही. विवाह संपला तरी हमी संपत नाही. पूर्वीचा जोडीदार १२५ टक्क्यांच्या मर्यादेखाली जगत असेल, तर तो तुटीच्या रकमेसाठी स्पॉन्सरविरुद्ध स्वतः दावा लावू शकतो. तसेच त्याला सरकारी मदत दिली गेली असेल, तर ती देणारी यंत्रणाही स्पॉन्सरकडून वसुली करू शकते. घटस्फोटित पत्नीने नोकरी शोधण्याचा पुरेसा प्रयत्न केला नाही म्हणून रक्कम कमी करावी, हा युक्तिवाद २०१२ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अमान्य केला. विवाहापूर्वी 'कोणीही कोणाकडे पोटगी मागणार नाही' असा करार केला होता, म्हणून हमी रद्द होते, हे म्हणणे २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या न्यायालयाने स्वीकारले नाही.

वाणिज्य शाखेत १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील हमीचा करार शिकविला जातो. कलम १२६ प्रमाणे त्यात धनको, ऋणको व हमीदार असे तीन पक्ष असतात. आय-८६४ ची तुलना त्याच्याशी करताना एक फरक सांगणे आवश्यक आहे. सोसायटीच्या व्यवहारात ज्याच्यासाठी जामीन दिला तो कर्जदार जामीनदाराकडे काहीही मागू शकत नाही. मागणारी असते ती सोसायटी. येथे मात्र करार सरकारशी झालेला असूनही ज्याच्यासाठी हमी दिली तीच व्यक्ती हक्कदार ठरते. त्यामुळे हा कागद पतीच्या दृष्टीने दायित्व असला, तरी पत्नीच्या दृष्टीने ती एक किमान सुरक्षितता आहे. ही सुरक्षितता लिंगनिरपेक्ष आहे. परदेशात नोकरी करणारी मुलगी इकडच्या मुलाशी विवाह करून त्याला नेते, तेव्हा हमीदार ती असते. आणि विवाह मोडल्यास त्याच्या किमान निर्वाहाचे दायित्व तिच्यावर राहते. शिकून पुढे गेलेल्या मुलींच्या कुटुंबांनीही म्हणूनच या बाबीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

४० तिमाह्यांच्या गणनेत एक बारकावा आहे. विवाह टिकून असेपर्यंत पतीने विवाहकाळात मिळविलेल्या तिमाह्याही पत्नीच्या खात्यात धरल्या जातात. घटस्फोट होताच त्या गणनेतून वगळल्या जातात. पती हयात नसल्यास मात्र त्या धरल्या जातात. 'आता दहा वर्षे झाली, माझी जबाबदारी संपली' असे म्हणणाऱ्या पतीचे म्हणणे म्हणूनच नेहमी बरोबर असेलच असे नाही.

जेथे हमीच नसते

वरील सर्व विवेचन कौटुंबिक अर्जाला लागू आहे. आपल्याकडील बहुसंख्य नवविवाहित मुली मात्र प्रथम एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्या पतीच्या अवलंबित म्हणून जातात. या व्हिसासाठी आय-८६४ लागत नाही. पुढे पतीच्या नोकरीच्या आधारे दोघांना एकत्र ग्रीन कार्ड मिळाले, तरीही सामान्यतः तो भरावा लागत नाही. याचा अर्थ असा की, ज्या मार्गाने आपल्या सर्वाधिक मुली जातात, त्या मार्गावर पतीने निर्वाहाची लेखी हमी दिलेली नसते. पत्नीचा दर्जा पतीच्या दर्जाला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली तर तिचा दर्जा धोक्यात येतो आणि विवाह संपला तर तो संपतो.

एच-४ वरील जोडीदाराला २०१५ पर्यंत नोकरी करण्याची मुभा नव्हती. त्या वर्षी मे महिन्यात लागू झालेल्या नियमाने ज्यांच्या पतीचा ग्रीन कार्डविषयक नोकरीचा अर्ज मंजूर झाला आहे, किंवा ज्यांच्या पतीला सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे मुदतवाढ मिळाली आहे, अशांना कामाची परवानगी मिळू लागली. इतरांना अद्यापही ती नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतलेली, पुण्यात दोन-तीन वर्षे नोकरी केलेली मुलगी तिकडे गेल्यावर स्वतःच्या नावे उत्पन्न मिळवू शकत नाही. घरखर्च भागतो, तक्रारीला वरवर जागा नसते. पण ज्या काळात तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींचा भविष्य निर्वाह निधी वाढत असतो, त्या काळात तिच्या खात्यात काहीच जमा होत नाही. विवाहाच्या खर्चाची पै-पै मांडणारी कुटुंबे हा तोटा कधीच मांडत नाहीत.

के-१ हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा याहून निराळा आहे. त्यात प्रवेशाच्या वेळी आय-१३४ हा सौम्य स्वरूपाचा फॉर्म चालतो. विवाहानंतर तेथेच स्थायी दर्जा मागताना मात्र आय-८६४ द्यावा लागतो.

लाभांची बाजू

कौटुंबिक अर्जावर गेलेल्या जोडीदाराला स्थायी दर्जासोबत नोकरीची पूर्ण मुभा मिळते. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची प्रतीक्षा नसते आणि एकत्र राहत असल्यास सर्वसाधारण पाच वर्षांऐवजी तीन वर्षांनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. स्थायी दर्जा मिळतेवेळी विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर १९८६ च्या कायद्यानुसार तो दोन वर्षांपुरता सशर्त असतो व नंतर दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करावयाचा असतो. पतीने सही करण्यास नकार दिल्यास पत्नीला एकटीने अर्ज करण्याची सवलत काही परिस्थितीत आहे. तसेच नागरिक वा ग्रीन कार्डधारक पतीकडून छळ होत असल्यास त्याच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करण्याचा मार्ग १९९४ च्या कायद्याने खुला केला. 'तुझे कागद माझ्या हातात आहेत' ही धमकी या तरतुदींमुळे पूर्वीइतकी परिणामकारक राहिलेली नाही. अर्थात तरतुदी माहीत असतील तरच.

सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनात जोडीदाराला मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत लाभ मिळू शकतो. विवाह किमान दहा वर्षे टिकला असेल, तर घटस्फोटानंतरही हा हक्क राहू शकतो. साडेनऊ वर्षांनी झालेला घटस्फोट आणि साडेदहा वर्षांनी झालेला घटस्फोट यांत वृद्धापकाळाचा केवढा फरक पडतो, हे यावरून ध्यानात यावे.

आयकराच्या बाबतीत विवाहित दांपत्य संयुक्त विवरणपत्र भरू शकते. २०२५ साठी प्रमाणित वजावट एकट्या व्यक्तीला १५,७५० डॉलर, तर संयुक्त विवरणपत्रावर ३१,५०० डॉलर होती. पत्नीला उत्पन्न नसेल, तर हा लाभ ठळक असतो. पण याच ठिकाणी बागायती पट्ट्यातील कुटुंबांना न दिसणारा एक खड्डा आहे. अमेरिका आपल्या कर-रहिवाशांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा भावाइतकाच आहे. तिच्या हिश्श्याचे उसाचे बिल तिच्या बारामतीच्या बँक खात्यात जमा होत असेल, तर ते भारतात शेती उत्पन्न म्हणून करमुक्त असले तरी अमेरिकेत करमुक्त नाही. ते विवरणपत्रात दाखवावे लागते. शिवाय वर्षभरात कोणत्याही दिवशी अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची माहिती स्वतंत्रपणे कळवावी लागते. वडिलांसोबतचे संयुक्त खाते, लग्नात मिळालेल्या रकमेची मुदतठेव, ही सर्व त्यात येतात. कर फारसा लागणार नाही, पण माहिती न दिल्याचा दंड जबर असतो.

दांपत्यातील आपसातल्या भेटींनाही मर्यादा आहे. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल, तर त्याला कितीही रक्कम वा मालमत्ता देता येते. नागरिक नसेल, तर २०२५ मध्ये वार्षिक १,९०,००० डॉलरपर्यंतची भेटच भेट-कराच्या हिशेबाबाहेर होती. सामान्य नोकरदाराला ही अडचण येत नाही. घर दोघांच्या नावावर करताना मात्र सल्ला घ्यावा लागतो.

नागरिकत्व घेतल्याने आय-८६४ ची हमी संपते, हे वर आलेच आहे. त्याची आणखी एक किंमत गावाकडे मोजावी लागते. परदेशी नागरिक झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड मिळाले, तरी भारतात शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ती ठेवू शकते. 'निवृत्तीनंतर गावाकडे चार एकर घेऊ' असा बेत करणाऱ्यांनी हा क्रम आधीच तपासावा.

अन्य देशांतील पद्धती

ब्रिटनने हमीपेक्षा प्रवेशालाच उंबरा घातला आहे. २०१२ मध्ये जोडीदाराला आणण्यासाठी १८,६०० पौंड वार्षिक उत्पन्नाची अट आली. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी अट तत्त्वतः वैध ठरविली आणि ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. परदेशी असलेल्या जोडीदाराचे भारतातील वेतन या हिशेबात धरले जात नाही. पुण्यात लाखभर पगार घेणाऱ्या मुलीच्या उत्पन्नाचा येथे शून्य उपयोग होतो; तिची बचत मात्र विचारात घेतली जाते. केवळ बचतीवर अट पूर्ण करावयाची तर ८८,५०० पौंड लागतात. आरोग्य सेवेचा अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून प्रतिवर्षी १,०३५ पौंड असून तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आगाऊ भरावा लागतो. हा खर्च कोणी करावयाचा यावरून बैठकीत कुजबुज होते, आणि बऱ्याचदा तो मुलीच्या वडिलांच्या गळ्यात पडतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने विवाहाच्या बदल्यात मागितलेली रक्कम ही व्हिसाच्या नावाखाली मागितली तरी हुंडाच होय.

कॅनडाची रीत अधिक सुटसुटीत आहे. जोडीदारासाठी साधारणतः किमान उत्पन्नाची अट नाही. स्पॉन्सर स्वतः अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी मदतीवर नसावा एवढेच पाहिले जाते. हमीची मुदत स्थायी दर्जा मिळाल्यापासून तीन वर्षे आहे. २००२ पूर्वी ती दहा वर्षांची होती. या मुदतीत जोडीदाराने सरकारी मदत घेतल्यास ती स्पॉन्सरकडून वसूल होते, घटस्फोट झाला तरीही. २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने या वसुलीला मान्यता दिली. अमेरिकेतल्याप्रमाणे मुदत अनिश्चित नसल्यामुळे दोन्ही बाजूंना हिशेब मांडता येतो, हा कॅनडाच्या पद्धतीचा गुण मानला पाहिजे.

आखाती देशांत स्थायिकत्वाचा प्रश्नच येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पत्नीला नेण्यासाठी ४,००० दिरहम, अथवा निवासासह ३,००० दिरहम मासिक वेतनाची अट आहे. तेथील वास्तव्य पतीच्या नोकरीइतकेच टिकते.

मुलीला माहेरी आणण्यापूर्वी

विवाह बिघडल्यावर ग्रामीण कुटुंबाची पहिली प्रतिक्रिया मुलीला घरी आणण्याची असते. ती स्वाभाविक आहे, आणि जिवाला धोका असेल तर दुसरा विचार करूच नये. परंतु आर्थिकदृष्ट्या या निर्णयाचे परिणाम गंभीर असतात. पत्नीने स्थायी दर्जा सोडून अमेरिका कायमची सोडली, की आय-८६४ ची हमी त्या क्षणापासून पुढे संपते. जो करार तिच्यासाठी तेथे उभा होता, तो वरकुट्यात किंवा बारामतीत बसून चालू ठेवता येत नाही. अनेकदा तिकीट पतीच काढून देतो, 'काही दिवस जाऊन ये' असे सांगतो आणि मागाहून तेथील न्यायालयाची नोटीस येते.

भारतात पोटगीचा मार्ग उपलब्ध आहेच. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालीही आर्थिक दिलासा मागता येतो. अडचण अंमलबजावणीची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली ब्रिटन हा परस्पर व्यवस्थेतील प्रदेश आहे, अमेरिका नाही. अमेरिकेत मिळविलेला घटस्फोट भारतात आपोआप मान्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले. १९९४ मध्ये त्याच न्यायालयाने अनिवासी भारतीयाच्या विवाहासंबंधीच्या एका खटल्यात पतीच्या भारतातील व परदेशातील मालमत्तेतून पत्नीला पुरेशी पोटगी मिळावी आणि भारतीय न्यायालयांचे हुकूम परदेशात अंमलात यावेत, यासाठी कायदा करण्याची सूचना केली. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात पुन्हा सर्वसमावेशक कायद्याची शिफारस केली आहे. दोन सूचनांमध्ये ३० वर्षांचे अंतर आहे.

दरम्यानच्या काळात व्यवहारात पतीची इकडील मालमत्ता हाच पकडीचा मुख्य आधार राहतो. म्हणून मुलाच्या नावे सात-बारावर खरोखर काय आहे, ही चौकशी अगदीच निरर्थक नाही. ती ज्या कारणासाठी केली जाते ते कारण मात्र बदलावयास हवे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या तडजोडपत्रात 'यापुढे उभयतांचा एकमेकांवर कोणताही आर्थिक हक्क राहणार नाही' असे एक वाक्य ठरलेले असते. पत्नी अद्याप स्थायी रहिवासी असेल, तर या वाक्याखाली सही करण्यापूर्वी तेथील स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घेतला पाहिजे. तालुक्याच्या न्यायालयातील वकिलाला आय-८६४ ची माहिती असेलच असे नाही, आणि तडजोडीची रक्कम ठरविताना हा कागद टेबलावर नसतो.

कागदांची तयारी विवाहाच्या वेळीच सुरू होते. ग्रामपंचायत हद्दीतील विवाहाची नोंद ग्रामसेवकाकडे होते. लग्नानंतर मधले नाव, आडनाव व क्वचित पहिले नावही बदलण्याची आपली रीत असल्याने जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट व विवाह प्रमाणपत्र यांवर एकाच मुलीची तीन नावे आढळतात. त्यासाठी अर्ज महिनोन्महिने अडतात. पासपोर्टवर माहेरचे नाव ठेवण्यास कायद्याची हरकत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या फाइलमध्ये आणखी तीन कागद असावेत : पतीच्या व्हिसा वा ग्रीन कार्डची प्रत, त्याच्या अलीकडील विवरणपत्राची प्रत आणि आय-८६४ भरला असल्यास त्याच्या सहीची संपूर्ण प्रत. शेवटचा कागद विवाह सुरळीत असताना मागितला तर सहज मिळतो. एक प्रत मुलीने स्वतःजवळ ठेवावी व दुसरी माहेरी, जमिनीच्या कागदांच्या पेटीत.